दोन युनिटं, दोन्हीकडे १९२.१६८.१.०: जोडायची कशी?

मशीनशॉप_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणला आमचं मशीनिंगचं युनिट आहे. मालकांनी आता साताऱ्याच्या एमआयडीसीतला एक चालू कारखाना विकत घेतलाय आणि दोन्ही जागा एका नेटवर्कवर आणायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. गंमत अशी की दोन्हीकडचं लॅन (आतलं नेटवर्क) १९२.१६८.१.०/२४, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे दोन्हीकडे तेच. इकडचा ईआरपी (हिशेब, साठा वगैरेचं सॉफ्टवेअर) सर्व्हर .१०, तिकडचा ईआरपी सर्व्हरही .१०. गेटवे (लॅनमधून बाहेर जायचं दार, म्हणजे राउटर) दोन्हीकडे .१.

हवं काय आहे: चाकणच्या अकाउंट्सला साताऱ्याचं ईआरपी उघडता यावं, आणि सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या) मशीनचे प्रोग्रॅम पुढे चाकणच्या एकाच सर्व्हरवरून दोन्हीकडे जावेत.

अडचण: साताऱ्याची काही मशीन इतकी जुनी आहेत की कंट्रोलरच्या नेटवर्क स्क्रीनवर फक्त आयपी आणि मास्क (पत्त्याचा कोणता भाग लॅनचा ते सांगणारा आकडा) विचारतात, गेटवेचा रकानाच नाही. दोन मशीनचा पासवर्ड कोणाकडेच नाही, आणि बनवणारी कंपनी बंद पडली. काम तीन पाळ्यांत चालतं, त्यामुळे "रविवारी सगळं बंद ठेवा" हे शक्य नाही.

एका बाजूचे सगळे नंबर बदलू, की मध्ये नॅट (वाटेत पत्ते बदलणारी सोय) टाकू? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहावं.

सुहास७८

व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन जागा जोडणारा बंद बोगदा) लावा की. साइट टू साइट. दोन्हीकडे राउटर असेलच.

रेवा_कु

सुहास, व्हीपीएनने रस्ता होईल, पण त्या रस्त्यावर कोणी येणारच नाही. चाकणचा एखादा पीसी १९२.१६८.१.५७ आहे असं धरा. त्याला १९२.१६८.१.१० कडे जायचंय. तो मास्क लावून बघतो: अरे, हा तर माझ्याच लॅनमधला. मग तो गेटवेकडे जातच नाही, तिथल्या तिथे एआरपीची, म्हणजे लॅनमध्ये पत्त्याचा मालक विचारणारी, हाक देतो, "१० कोण आहे?" आणि चाकणचा सर्व्हर उत्तर देतो. साताऱ्याचा सर्व्हर त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. बोगदा कितीही उत्तम असला तरी पॅकेट त्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही.

बावधनचा_बंड्या

दोन्हीकडे .१० म्हणजे एकाच माणसाने केबल टाकली असणार 😀

मशीनशॉप_चाकण

@बावधनचा_बंड्या, बिलं काढून बघितली. खरंच एकाच माणसाने टाकली होती!

रेवा_कु

आता मुद्द्याचं. दोन्ही बाजूंना नॅट करायचं. एका सोसायटीत ए आणि बी विंगमध्ये दोन्हीकडे फ्लॅट १०१ असतो. विंगेच्या आत नुसतं १०१ चालतं, बाहेरून येणाऱ्याला ए-१०१ सांगावं लागतं. तसंच इथे. चाकणला बाहेरून १०.८१.१.० म्हणायचं, साताऱ्याला १०.८२.१.०. शेवटचा आकडा तोच ठेवायचा, म्हणजे माणसांच्याही लक्षात राहतो.

पॅकेट कसं जातं ते बघा. चाकणचा १९२.१६८.१.५७ हा १०.८२.१.१० ला हाक मारतो. हा पत्ता त्याच्या लॅनमधला नाही, म्हणून पॅकेट गेटवेकडे जातं. चाकणचा राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून १०.८१.१.५७ करतो आणि पॅकेट बोगद्यात सोडतो. साताऱ्याचा राउटर पोचण्याचा पत्ता १०.८२.१.१० बदलून १९२.१६८.१.१० करतो आणि सर्व्हरला देतो. सर्व्हरला वाटतं १०.८१.१.५७ नावाचं कोणीतरी आलंय, तो उत्तर गेटवेकडे देतो, आणि उलट्या वाटेने तेच बदल. प्रत्येक राउटरने फक्त आपल्या बाजूचे पत्ते बदलायचे, दुसऱ्याच्या घरात काय आहे ते त्याला माहीत असायची गरज नाही.

लिनक्सवर आयपीटेबल्समध्ये (फायरवॉलच्या नियमांत) यासाठी नेटमॅप आहे, मायक्रोटिकच्या राउटरमध्येही त्याच नावाची अ‍ॅक्शन मिळते. एकच नियम अख्खा /२४ बदलतो, २५४ नियम लिहावे लागत नाहीत.

एक जागा जपा: इंटरनेटसाठी लावलेला मास्करेडचा (सगळ्यांना राउटरचाच पत्ता लावणारा) नियम यादीत वर असेल तर तो सगळ्यांना आधीच गिळतो आणि नेटमॅपची पाळीच येत नाही. नेटमॅप वर, मास्करेड खाली. आणि बोगद्यासाठी आयपीसेक वापरत असाल तर त्याच्या पॉलिसीत बदललेले पत्ते लिहायचे, १०.८१ आणि १०.८२ वाले. मूळ १९२.१६८ लिहिलेत तर बोगदा उभा दिसेल आणि आत काहीही जाणार नाही.

जुना_तारवाला

रेवाताईंनी लिहिलं ते बरोबर आहे, पण मी स्पष्ट विरोधात आहे. नॅट टाकलं की लोक म्हणतात चाललं ना, मग राहू दे. पुढची पाच वर्षं कोणीही हात लावत नाही. एकदाच त्रास घ्या आणि नंबर बदला.

नॅट फक्त पॅकेटच्या पाकिटावरचा पत्ता बदलतं. कित्येक जुने प्रोग्रॅम पत्ता आतल्या मजकुरातही लिहितात. अ‍ॅक्टिव्ह एफटीपी (फाइल ने-आण करायची जुनी पद्धत) हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: पोर्ट कमांडमध्ये क्लायंट स्वतःचा आयपी स्वल्पविराम घालून पाठवतो आणि सर्व्हर त्या पत्त्यावर उलट जोडणी करायला जातो. तो पत्ता १९२.१६८.१.३१ असेल तर सर्व्हर स्वतःच्याच लॅनमधलं .३१ शोधत बसेल. तिथे कदाचित प्रिंटर असेल!

कारखान्यात याहून वाईट म्हणजे ओपीसीचा (मशीनची माहिती संगणकाला देणाऱ्या पद्धतीचा) जुना प्रकार, विंडोजच्या डीकॉमवर चालणारा. डीकॉम आपला पत्ता निरोपाच्या आत देतं आणि नॅटच्या पलीकडे चालत नाही. एका ठिकाणी मी स्काडाच्या (मशीनवर पडद्यावरून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) माणसांना यावरून आठवडेच्या आठवडे डोकं धरून बसलेलं पाहिलंय. फायरवॉल उघडी, पिंग चालू, आणि पडद्यावर टॅग, म्हणजे मशीनचे आकडे, सगळे लाल.

रेवा_कु

तारवालाकाका, एफटीपीचं मान्य, पण त्याला राउटरमध्ये कनेक्शन ट्रॅकिंगचा (जोडण्यांवर लक्ष ठेवणारा) मदतनीस आहे, तो आतला पत्ताही बदलतो. फक्त लिनक्स कर्नल ४.७ पासून तो आपोआप लागत नाही, मुद्दाम नेमून द्यावा लागतो. बरेच जण इथे अडकतात, कारण जुन्या राउटरवर आपोआप चालत होतं.

डीकॉमबद्दल काहीच वाद नाही. तिथे त्याच बाजूला एक पीसी ठेवून डेटा गोळा करायचा आणि पुढे दुसऱ्या मार्गाने पाठवायचा. मॉडबस टीसीपी (मशीनशी बोलायची दुसरी पद्धत) मात्र नॅटमधून बिनतक्रार जातं, पोर्ट ५०२, आत पत्ता वगैरे काही नाही.

श्टुटगार्टहून_अमेय

मी इथे मशीन बनवणाऱ्या कंपन्यांबरोबर काम करतो, त्या बाजूचं सांगतो. मशीनला मुद्दाम तोच आयपी दिलेला असतो. एका मालिकेतल्या सगळ्या मशीनमध्ये पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक), पॅनेल आणि ड्राइव्ह यांचे पत्ते एकसारखे, कारण प्रोग्रॅम एकच. प्रत्येक ग्राहकासाठी पत्ते बदलायचे म्हणजे प्रत्येक मशीनचा प्रोग्रॅम वेगळा, चाचणी वेगळी, पुढे सर्व्हिसला गेल्यावर गोंधळ वेगळा. म्हणून मशीनच्या पॅनेलमध्येच डिन रेलवर (आतल्या धातूच्या पट्टीवर) एक छोटा नॅट राउटर बसवतात. आत कायम तेच पत्ते, बाहेर कारखान्याने दिलेला पत्ता. ही इथली रोजची पद्धत आहे, आणि मला ती योग्य वाटते.

त्यामुळे काका, "नॅट वाईट" असं सरसकट म्हणता येणार नाही. दोन गावांच्या मध्ये घातलेलं नॅट आणि एका मशीनच्या दारात घातलेलं नॅट यांत फरक आहे. दुसऱ्याचा पसारा एका मशीनपुरता असतो आणि आत काय चाललंय हे मशीनवाल्याला माहीत असतं.

निवृत्त_टर्मिनल

धागा वाचून जुने दिवस आठवले. तुम्ही आयपीचं बोलताय, आमच्या वेळी डीईसी कंपनीचं डीईसीनेट होतं. फेज फोरमध्ये पत्ता सोळा बिटांचा: सहा बिट एरिया, दहा बिट नोड. म्हणजे १ ते ६३ एरिया आणि प्रत्येकात १०२३ नोड. संपलं. आणि यात एक खुबी होती: यंत्र सुरू झालं की ते आपला इथरनेट पत्ता (मॅक, एरवी कार्डावरच छापलेला) डीईसीनेटच्या पत्त्यावरून बनवायचं. नोड १.१० असेल तर १ गुणिले १०२४ अधिक १० म्हणजे १०३४, हेक्समध्ये ०४०ए, बाइट उलटे लिहायचे, म्हणून मॅक पत्ता एए-००-०४-००-०ए-०४. आता एकाच केबलवर दोन यंत्रांना १.१० दिलं तर दोघांचा मॅकही एकच! भांडण थेट इथरनेटच्या पातळीवर. शोधायचं कसं, कारण कार्डावर छापलेला मॅक कुठेच दिसत नाही.

वैज्ञानिक संस्थांची नेटवर्कं एकमेकांना जोडली गेली तेव्हा ६३ एरिया पुरेनात. मग काही एरिया आतल्या आत वापरायला लपवून ठेवले आणि त्यांच्यापर्यंत जायला मधल्या नोडचं नाव आधी लिहायचं: पहिला नोड, दोन विसर्ग, दुसरा नोड, दोन विसर्ग, मग फाइल. त्याला गरिबाचं राउटिंग म्हणायचे. मधल्या यंत्राला दोन्हीकडचं दिसायचं आणि ते निरोप पुढे द्यायचं. रेवाताई सांगतात त्याचीच ही आजी म्हणा.

कोपरगावकर

काका, नॉव्हेलचं नेटवर्क विसरू नका! त्याच्या आयपीएक्समध्ये प्रत्येक केबलला नेटवर्क क्रमांक आणि प्रत्येक सर्व्हरला आतला वेगळा क्रमांक. दोन ऑफिसं जोडली आणि एकाच केबलला दोन सर्व्हरनी वेगवेगळे क्रमांक दिलेले असले की कन्सोलवर बीप वाजत राउटर कॉन्फिगरेशन एररची ओळ यायची, आणि समोरच्या सर्व्हरचं म्हणणं काय आहे तेही छापून यायचं. एका दृष्टीने ते बरं होतं. आयपी बिचारं गप्प राहतं, आपल्यालाच कळत नाही.

जुना_तारवाला

इतिहास निघालाच आहे तर हेही लिहितो, कारण मूळ दुखणं तिथे आहे. खासगी पत्त्यांचे तीन गट, १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६, हे आधी मार्च १९९४मध्ये आरएफसी १५९७ ने दिले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक घातलेले कागद). यातला १० हा कधीकाळी आर्पानेटचा क्रमांक, आर्पानेट १९९०मध्ये बंद झालं म्हणून मोकळा झालेला. त्याच वर्षी जुलैमध्ये काही जाणत्या मंडळींनी आरएफसी १६२७ लिहून विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की पत्ता जगात एकच असण्याची शिस्त मोडली की पुढे संस्था एकत्र येताना भोगावं लागेल. दोन्ही बाजू मग एकत्र बसल्या आणि फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ आलं.

त्यात एक सल्ला आहे जो कोणीही पाळला नाही: खासगी गटातून पत्ते निवडताना ते कुठूनही, यादृच्छिक निवडा, म्हणजे उद्या दुसऱ्या संस्थेशी जोडताना टक्कर होण्याची शक्यता कमी. सगळ्यांनी मात्र राउटरच्या खोक्यातून आलेलं १९२.१६८.१ तसंच ठेवलं. मोठ्यांनी १०.०.० आणि १०.१.१ घेतलं. मशीनशॉप, तुमच्यासमोर आज जे आहे त्याचा इशारा तेव्हाच देऊन झाला होता.

बँकवाली_मीनल

आमच्याकडे याच प्रकाराचा मोठा अवतार झाला. १ एप्रिल २०२०ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्याआधी २०१७ आणि २०१९मध्येही विलीनीकरणं झाली. बँकेचं नाव लिहीत नाही, पण दोन्हीकडे १० चाच गट, आणि दोन्हीकडे शाखेचे पत्ते आपापल्या झोनच्या क्रमांकावरून बेतलेले. साहजिकच टक्कर. एटीएम, पासबुक प्रिंटर, सीसीटीव्ही सगळं त्यात.

आधी मध्ये नॅट घालून दोन डेटा सेंटर बोलती केली. मग शाखा टप्प्याटप्प्याने नव्या पत्त्यांवर नेल्या, आणि नेलेली शाखा नॅटच्या यादीतून लगेच काढली. दर सोमवारी यादी किती लहान झाली ते वरिष्ठांना दाखवायचं. मला वाटतं तारवालाकाकांच्या भीतीवर उपाय हाच आहे, यादीवर मालक आणि तारीख दोन्ही हवेत.

सुहास७८

मग १९२.१६८ आणि १० सोडून तिसरंच काहीतरी घ्यायचं ना. ११ नाहीतर १ ने सुरू होणारं. कोणाशी टक्करच नाही.

रेवा_कु

नको! ११.०.०.०/८ अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आहे. आणि १.०.०.०/८ वर्षानुवर्षं मोकळा पडला होता म्हणून लोकांनी तो आत बिनधास्त वापरला. जानेवारी २०१० मध्ये तो एपनिककडे (आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडे) गेला, आणि १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरने १.१.१.१ वर डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) सुरू केला. ज्यांच्या आत १.१.१.१ आधीच कुठेतरी वापरात होता त्यांच्याकडून तिथे पोचताच येईना.

१००.६४.०.०/१० सुचवतील कोणीतरी, तेही टाळा. २०१२च्या आरएफसी ६५९८ ने तो इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या मोठ्या नॅटसाठी राखलाय. काही पुरवठादार तो तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला देतात, आणि टेलस्केलसारखी व्हीपीएनची साधनंही तोच वापरतात.

पार्थ_आयपीव्हीसिक्स

आयपीव्हीसिक्सचे यूएलए, म्हणजे त्यातले खासगी पत्ते, वापरा ना. आरएफसी ४१९३, २००५. एफडीने सुरू होतं, पुढचे ४० बिट यादृच्छिक. दोन कंपन्यांची टक्कर जवळजवळ अशक्य. हाच तो १९९६चा सल्ला, फक्त इथे तो सांगून सोडला नाही, नियमच केला.

कोपरगावकर

पार्थभाऊ, ज्या कंट्रोलरला गेटवे माहीत नाही त्याला व्हीसिक्स कुठून माहीत असणार?

पार्थ_आयपीव्हीसिक्स

मशीनसाठी नाही हो. दोन राउटरच्या मधल्या भागासाठी आणि सर्व्हरसाठी म्हणतोय. बाकी तुमचं बरोबर आहे.

रेवा_कु

गेटवे नसलेल्या मशीनचा प्रश्न राहिलाच. त्याला उपाय आहे.

बाहेरून मशीनकडे जायचं असेल तर साताऱ्याच्या राउटरने लॅनमध्ये पॅकेट सोडताना पाठवणाऱ्याचा पत्ताही बदलायचा आणि स्वतःचा लावायचा, १९२.१६८.१.१. मशीनला वाटतं शेजारचंच कोणी विचारतंय, ते लॅनमध्येच उत्तर देतं, गेटवेची गरजच पडत नाही. तोटा एकच, मशीनच्या लॉगमध्ये सगळे राउटरच्या नावाने दिसतात. खरा लॉग राउटरवर ठेवा.

मशीनला बाहेर जायचं असेल, म्हणजे प्रोग्रॅम आणायला, तर उलटं. साताऱ्याच्या मशीनमध्ये सर्व्हरचा पत्ता .१० बसवलेला असणार आणि बदलता येत नाही. साताऱ्याचा सर्व्हर नव्या पत्त्यावर हलवा, आणि .१० हा पत्ता राउटरलाच जास्तीचा म्हणून द्या. त्यावर एफटीपीची हाक आली की राउटरने ती १०.८१.१.१० ला, म्हणजे चाकणच्या सर्व्हरला, पोचवायची. मशीनला काहीच कळत नाही. पासवर्ड नसलेल्या दोन मशीनसाठीही हेच, किंवा अमेय म्हणतात तसा पॅनेलमधला छोटा राउटर.

मशीनशॉप_चाकण

रेवाताई, ही .१० ची युक्ती फार मोलाची! साताऱ्याचा सर्व्हर बदलून नवा घ्यायचाच होता, नवा वेगळ्या पत्त्यावर लावतो. तोवर चाकणहून लोकांना कुठलं ईआरपी उघडायचं हे कसं सांगू? आकडे पाठ करायला लावायचे का?

बँकवाली_मीनल

आकडे कोणालाच सांगू नका, नाव द्या. डीएनएसमध्ये साताऱ्याच्या ईआरपीचं एक नाव करा. चाकणच्या डीएनएसने त्या नावाला १०.८२ चा पत्ता द्यायचा, साताऱ्याच्या डीएनएसने आतला. उद्या पत्ता बदललात तरी डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तोच राहतो. एक्सेलमध्ये \\१९२.१६८.१.१० अशी लिंक घातलेल्या फाइल शोधून काढा मात्र, त्या हमखास असतात.

सह्याद्री_सिक्युरिटी

पत्त्यांच्या गडबडीत एक राहू नये. आजवर टक्करीमुळे का होईना, ही दोन नेटवर्कं एकमेकांपासून सुरक्षित होती. तुम्ही जोडलीत की साताऱ्याच्या जुन्या विंडोज एक्सपीवरचा किडा चाकणला पोचेल. मे २०१७चा वॉनाक्राय फाइल शेअरिंगच्या पोर्टवरूनच पसरला. त्याच जूनमध्ये नॉटपेट्या आला, आणि त्यात आपल्या न्हावाशेव्याच्या एका कंटेनर टर्मिनलचं काम अडलं होतं. मूळ लागण दूर युक्रेनमधली. बोगद्यावर "सगळं चालू" कधीच नको. ईआरपीचं पोर्ट, एफटीपी फक्त मशीन ते सर्व्हर, आणि बस. विंडोजची १३५, १३९, ४४५ ही पोर्ट दोन्ही दिशांनी बंद.

जुना_तारवाला

हे शंभर टक्के. अमेयच्या म्हणण्यावर विचार केला. मशीनच्या दारातलं नॅट मला मान्य आहे. पण ऑफिसचे पीसी, प्रिंटर, हजेरी मशीन, कॅमेरे, यांना नॅटमागे ठेवायचं काही कारण नाही. ते बदला.

पद्धत सांगतो. दोन्ही युनिटना पूर्ण /१६ (पत्त्याचे पहिले दोन आकडे ठरलेला गट) ठरवा, आणि १० च्या गटात मधूनच कुठून तरी, रेवाताईंचे ८१-८२ चालतील. १०.८१.१ आणि १०.८२.१ नॅटसाठी राखा, खरे पत्ते त्याच्या बाहेर, तिसऱ्या आकड्यावरून: १० ऑफिस, २० सर्व्हर, ३० कॅमेरे. राउटरच्या त्याच पोर्टला नवा पत्ता दुसरा म्हणून द्या, म्हणजे जुनं-नवं शेजारी शेजारी चालेल. डीएचसीपीची (पीसींना आपोआप पत्ता देणाऱ्या सोयीची) मुदत आधी तासावर आणा, मग गट बदला, जेवणाच्या सुट्टीत पीसी आपोआप नव्यावर जातील. राहतील ते हाताने पत्ता दिलेले. ते शोधायला राउटरचं एआरपी टेबल आणि स्विचचं मॅक टेबल समोरासमोर ठेवा, पोर्टवरून केबल धरून चालत जा. कंटाळवाणं आहे, पण बंद कपाटात चालू असलेला पीसी असाच सापडतो.

बावधनचा_बंड्या

आणि तो पीसी बंद केला की कळतं पगार त्याच्यावर निघत होता.

मशीनशॉप_चाकण

सर्वांना मनापासून धन्यवाद. काय झालं ते कळवतो.

रेवाताईंच्या पद्धतीने दोन्हीकडे नेटमॅप लावलं. बोगदा उभा राहिला पण काही जाईना. साताऱ्याच्या राउटरवर जुन्या व्हेंडरचा मास्करेड सगळ्यात वर होता, तो खाली घेतला आणि चाकणच्या अकाउंट्सला साताऱ्याचं ईआरपी नावाने उघडलं. नव्या सर्व्हरला वेगळा पत्ता आणि राउटरला .१० दिल्यावर पहिल्या मशीनने चाकणहून प्रोग्रॅम उचलला. लॉगिन होत होतं पण यादी येत नव्हती, ते मदतनीस नेमल्यावर सुटलं, अगदी तुम्ही लिहिलं तसंच. ऑपरेटरला फरक कळलाही नाही.

साताऱ्याचे ऑफिस पीसी काकांच्या पद्धतीने १०.८२.१० वर गेले. मीनलताई सांगतात तशी नॅटची यादी भिंतीवर लावली आहे, प्रत्येक ओळीसमोर नाव आणि तारीख.

एक शंका उरली. पासवर्ड नसलेल्या त्या दोन मशीनना पॅनेलमध्ये छोटा राउटर बसवायचाय. दोघांचा आतला पत्ता एकच आहे, .३१. आजवर त्यातलं एकच मशीन नेटवर्कवर असायचं, दुसऱ्यात पेन ड्राइव्हने प्रोग्रॅम घालायचे. दोन्ही एकाच वेळी जोडता येतील ना?

श्टुटगार्टहून_अमेय

येतील, त्यासाठीच तो असतो. दोन वेगळे राउटर, आत दोघांनाही .३१ राहू दे, बाहेर १०.८२.४०.३१ आणि १०.८२.४०.३२ द्या. दोन्ही मशीनच्या केबल जुन्या स्विचमधून काढून फक्त आपापल्या राउटरमध्ये घाला, एक जरी केबल जुन्या स्विचला राहिली तर आतल्या आत गोंधळ होईल. मशीन प्रोग्रॅम आणायला .१० शोधणार, म्हणून त्या छोट्या राउटरला आतल्या बाजूने .१० द्या. आणि त्याच्या सेटिंगची फाइल पॅनेलच्या दारामागे पेन ड्राइव्हवर ठेवा, पासवर्डसकट कागदही.

मशीनशॉप_चाकण

ठीक. केबल आजच तपासून घेतो, राउटरची ऑर्डर टाकली आहे.